घटक ४ : तट आणि वाट – पन्हाळगडाचे पायी वाचन

४.० उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन पूर्ण केल्यानंतर आपल्याला
• गावकूस, गढी आणि गड या तटबंदीच्या तीन प्रकारांतील फरक सांगता येईल.
• पन्हाळा या नांदत्या दुर्गग्रामाची ऐतिहासिक जडणघडण थोडक्यात मांडता येईल.
• एखाद्या ऐतिहासिक स्थळी फिरताना दिसणारे, लिहिलेले आणि सांगितले जाणारे यांतील भेद ओळखता येईल.
• ‘आज्ञापत्र’ या ग्रंथातील दुर्गविचार प्रत्यक्ष स्थळाशी जोडून पाहता येईल.
• आपल्या परिसरातील जुन्या गावाचे स्थलवर्णन पुराव्यांच्या आधारे लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, स्थलवर्णन हा लेखनप्रकार वरवर सोपा वाटतो. आपण एखाद्या ठिकाणी जातो, जे दिसले ते लिहितो. पण लिहायला बसलो की अडचण ध्यानात येते. डोळ्यांनी पाहिलेली भिंत, फलकावर वाचलेला मजकूर आणि वाटाड्याने सांगितलेली कथा ही तिन्ही लेखनात एकमेकांत मिसळून जातात. वाचकाला कशावर किती विसंबावे हे कळत नाही. खरे तर ते लिहिणाऱ्यालाही कळलेले नसते. ही मिसळण टाळण्याची सवय लावणे हा या घटकाचा मुख्य हेतू आहे.

त्यासाठी आपण एक प्रत्यक्ष स्थळ निवडले आहे : कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे वीस किलोमीटरवर असलेला पन्हाळा. महाराष्ट्रातील बहुतेक गिरिदुर्ग आज निर्मनुष्य आहेत. तेथे पायऱ्या आहेत, टाकी आहेत, जोती आहेत. पण चूल नाही. पन्हाळ्याचे तसे नाही. येथे तटाच्या आत घरे आहेत, शाळा आहेत, बाजार आहे, तालुक्याची कचेरी आहे. तीन-साडेतीन हजारांच्या घरातील लोकवस्तीची ही गिरिस्थान नगरपरिषद आहे. म्हणजे येथील तट हा गतकाळाचा अवशेष असला तरी कोणाच्या तरी परसाची सीमाही आहे.

तटबंदीच्या गावाचा विचार करताना आपले लक्ष साहजिकच तटाकडे जाते. या घटकात आपण तटाइतकेच लक्ष वाटांकडेही देणार आहोत. तट गावाला बाहेरच्यापासून वेगळे करतो आणि वाट गावाला बाहेरच्याशी जोडते. या दोहोंच्या संबंधातून गावाचा इतिहास घडतो. पन्हाळ्यावर हा संबंध फार स्पष्ट दिसतो.

४.२ गावकूस, गढी आणि गड

महाराष्ट्रातील जुन्या गावाची कल्पना ‘पांढरी’ आणि ‘काळी’ या दोन शब्दांत सामावलेली आहे. पांढरी म्हणजे वस्तीची जमीन, काळी म्हणजे शेतीची. पांढरीभोवती दगडामातीची जी भिंत घालत, ती गावकूस. गावकुसातून आत येण्याची जागा म्हणजे वेस. दिवस मावळला की वेशीचा दरवाजा लावून घेण्याची पद्धत होती. पेंढारी, दरोडेखोर, वन्य श्वापदे यांच्यापासून गावाचे रक्षण व्हावे, हा या रचनेचा हेतू.

गढी हा दुसरा प्रकार. पाटील, देशमुख, देशपांडे अशा वतनदारांचे तटबुरुजांनी वेढलेले निवासस्थान म्हणजे गढी. तिच्या भिंती पुष्कळदा खाली दगडी व वर पांढऱ्या मातीच्या असतात. गावकूस सर्व पांढरीला कवेत घेते, तर गढी एका घराण्याला. गड किंवा किल्ला हा तिसरा प्रकार. तो राज्यसत्तेचे साधन असतो. तेथे सैन्य, धान्य, दारूगोळा आणि खजिना यांची व्यवस्था असते.

येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. प्रत्येक तटाला जसे आत असते, तसे बाहेरही असते. ‘गावकुसाबाहेर’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत केवळ जागेचा निर्देश करीत नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांना वस्तीच्या बाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेचा इतिहास त्यात साठलेला आहे. दलित साहित्याचा अभ्यास करताना हा शब्द आपल्याला वारंवार भेटेल. गडांची व्यवस्थाही याच समाजरचनेत उभी होती. हवालदार, सबनीस, कारखानीस हे अधिकारी गडावर असत; पायथ्याच्या घेऱ्यात आणि मेटांवर महार, रामोशी, बेरड, कोळी अशा समाजांतील माणसे रात्रंदिवस पहारा करीत. ज्यांना तटाच्या आत जागा नव्हती, त्यांच्या जागरणावर तटाच्या आतल्यांची झोप अवलंबून होती. स्थलवर्णन लिहिताना आतल्या वास्तूंची यादी देऊन थांबले, तर हा अर्धा इतिहास निसटतो.

४.३ पन्हाळा : तटाच्या आतील कालक्रम

पन्हाळ्याची बांधणी शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि तेराव्या शतकाच्या आरंभी झाली, असे मानले जाते. भोजाने बांधलेल्या अथवा दुरुस्त केलेल्या पंधरा किल्ल्यांत याची गणना होते. ११९१-९२ च्या सुमारास भोजाचा दरबार पन्हाळ्यास भरत होता, हे साताऱ्यास सापडलेल्या ताम्रपटावरून समजते. १२१० च्या सुमारास देवगिरीच्या यादव सिंघणाने भोजाचा पराभव केला आणि गड यादवांकडे गेला. पुढे तो बहमनी सत्तेखाली आला. बहमनी वजीर महमूद गावान याने १४६९ चा पावसाळा येथे छावणी करून काढला. १४८९ नंतर विजापूरची आदिलशाही उदयास आली. आज आपण जो भक्कम तट व दरवाजे पाहतो, त्यांतील मोठा भाग या राजवटीतला आहे.

अफझलखानाच्या वधानंतर अवघ्या काही दिवसांत, नोव्हेंबर १६५९ मध्ये, शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. पुढच्याच वर्षी सिद्दी जौहरच्या वेढ्यामुळे तो सोडावा लागला. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद याने केवळ साठ माणसांनिशी रात्रीच्या छाप्यात तो परत मिळवला. या विजयावर जयराम पिंड्ये या कवीने ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे संस्कृत काव्य रचले. पर्णाल हे पन्हाळ्याचेच संस्कृत रूप होय.

१७०१ मध्ये औरंगजेबाने गड जिंकला, पण रामचंद्रपंत अमात्यांच्या प्रयत्नांनी तो लवकरच मराठ्यांकडे परत आला. महाराणी ताराबाईंनी पन्हाळ्यास राजधानी केली आणि १७८२ मध्ये राजधानी कोल्हापुरास हलेपर्यंत हा मान गडाकडे राहिला. राजधानीमुळे सैनिकांबरोबर कारकून, पुरोहित, व्यापारी, कारागीर यांचीही वस्ती तटाच्या आत वाढली. पंडितकवी मोरोपंत यांचा जन्म १७२९ मध्ये येथेच झाला. पन्हाळ्यावरील पाध्ये घराण्यातील विद्वानांकडे त्यांनी संस्कृत विद्येचे धडे घेतले; पुढे त्यांचे वास्तव्य बारामतीस झाले. मराठीच्या विद्यार्थ्याने पन्हाळ्याकडे केवळ युद्धभूमी म्हणून पाहू नये, ते यासाठी. येथे काव्यशास्त्राचे पाठही होत होते.

शेवटचा मोठा संघर्ष १८४४ चा. कोल्हापूर संस्थानात इंग्रजांच्या वर्चस्वाखालील नव्या कारभारात गडकऱ्यांचे, म्हणजे गडांच्या वंशपरंपरागत रक्षकांचे हक्क आणि त्यांच्या जमिनींचा कारभार मामलेदारांकडे गेला. सामानगड, भुदरगड येथे उठाव झाला आणि तो पन्हाळ्यापर्यंत पोहोचला. उठाववाल्यांनी कर्नल ओव्हन्स या इंग्रज अधिकाऱ्यास पकडून पन्हाळ्यावर ठेवले होते. १ डिसेंबर १८४४ रोजी इंग्रज फौजेने तट फोडून गड घेतला. त्यानंतर तटबंदीचा काही भाग मुद्दाम पाडण्यात आला.

४.४ गावातील वाट : चार थांबे

पन्हाळ्याच्या तटाचा घेर सात किलोमीटरांहून अधिक आहे. काही ठिकाणी नैसर्गिक कडाच इतका उभा आहे की त्यावर केवळ कठडा बांधून काम भागले आहे. जेथे कडा दुबळा, तेथे भिंत उंच आणि बुरूज जवळजवळ आहेत. गडाचा माथा जांभ्या दगडाचा असून खाली काळा पाषाण आहे. सर्व वास्तू पाहायच्या तर एक पूर्ण दिवस हवा. आपण अभ्यासासाठी चारच थांबे घेऊ. प्रत्येक थांब्यावर तीन प्रश्न विचारावयाचे आहेत : येथे काय दिसते? याविषयी काय लिहिलेले आहे? आणि लोक काय सांगतात?

पहिला थांबा : चार दरवाजा. कोल्हापूरकडून वाघबिळामार्गे येणारा गाडीरस्ता गडाच्या पूर्वेकडून आत शिरतो. याच बाजूला चार दरवाजा होता. आज तेथे दरवाजा नाही. तटाचे अवशेष आहेत, आणि प्रवेश करताच बाजीप्रभू देशपांडे यांचा पुतळा दिसतो. ‘काय दिसते?’ या प्रश्नाचे उत्तर येथे ‘एक पोकळी’ असे आहे. १८४४ च्या उठावाची माहिती असेल, तरच ही पोकळी वाचता येते. दरवाजा काळाच्या ओघात पडलेला नाही. तो पाडला गेला आहे. ‘पडला’ आणि ‘पाडला’ या दोन क्रियापदांत इतिहासाचा केवढा फरक आहे, हे लेखकाने ओळखले पाहिजे.

दुसरा थांबा : अंबरखाना. गडाच्या मध्यभागी, बालेकिल्ल्यात, धान्याची तीन प्रचंड कोठारे आहेत. त्यांची नावे गंगा, यमुना आणि सरस्वती. पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे, असा उल्लेख सर्वत्र आढळतो. छताला ठेवलेल्या झरोक्यांतून धान्य आत ओतले जाई. जाड भिंती आणि आतील गारवा प्रत्यक्ष अनुभवावा. कोठारांना नद्यांची नावे देणाऱ्यांच्या मनात धान्य आणि पाणी यांचा एकच विचार असावा, असा तर्क करता येतो. मात्र तो आपला तर्क आहे, हे लेखनात स्पष्ट म्हटले पाहिजे.

तिसरा थांबा : अंधार बावडी. गडाच्या पश्चिम भागातील ही विहीर तीन मजली आहे. वरून पाहणाऱ्यास ती एखादी इमारत वाटते. आत वळणदार जिना आहे, तळाशी पाणी आहे आणि मधल्या मजल्यावरून तटाबाहेर निघण्याची वाट आहे. वेढ्याच्या काळात शत्रू पाणी दूषित करील, ही सर्वांत मोठी भीती असे. म्हणून पाणी, पहारा आणि सुटकेची वाट ही तिन्ही एका छताखाली आणलेली आहेत. नेहमीच्या वापरासाठी गडावर सोमाळे आणि सादोबा यांसारखी तळी आहेत. तळे सर्वांना दिसते. बावडी लपलेली असते. उघडे पाणी आणि राखलेले पाणी असा हा भेद आहे.

चौथा थांबा : तीन दरवाजा. बावडीपासून जवळच पश्चिमेच्या तटात हे प्रवेशद्वार आहे. एकामागे एक दरवाजे आणि मध्ये बंदिस्त चौक अशी त्याची रचना आहे. पहिला दरवाजा फोडून शत्रू आत आला, तरी तो चौकात सर्व बाजूंनी माऱ्याखाली सापडतो. आदिलशाही काळातील फारसी शिलालेख येथे आहे. दरवाजाच्या पट्टीवर गणेशाचे शिल्पही आहे. एकाच कमानीवर दोन राजवटींच्या खुणा अशा शेजारी शेजारी नांदतात. पायाच्या दगडांत शिसे ओतले आहे, असे सांगितले जाते. शिलालेख हा लेखी पुरावा, गणेशपट्टी हा दृश्य पुरावा आणि शिशाची गोष्ट ही सांगोवांगी. तिन्ही नोंदवाव्यात, परंतु तिन्हींचे वजन सारखे मानू नये.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
अ) गावकूस आणि गढी यांतील मुख्य फरक सांगा.
आ) चार दरवाजाच्या संदर्भात ‘पडला’ आणि ‘पाडला’ यांतील फरक का महत्त्वाचा ठरतो?
इ) अंधार बावडीच्या रचनेत कोणत्या तीन गरजा एकत्र आलेल्या दिसतात?

४.५ गडाबाहेरची वाट : राजदिंडी ते पावनखिंड

आतापर्यंत आपण तटाच्या आत होतो. आता तटाबाहेर नेणाऱ्या वाटेकडे वळू. मार्च १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला. शिवाजी महाराज गडावरच होते. तट भक्कम होता, कोठारे होती, तळी होती. राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनी आपल्या तोफा आणून गडावर मारा करून पाहिला, तरी गड पडला नाही. पण वेढा उठेना. पावसाळा सुरू झाला, तरीही जौहर हलला नाही. चार महिने लोटले. जो तट शत्रूला आत येऊ देत नव्हता, त्याच तटाने महाराजांना आत अडकवून ठेवले होते.

या पेचातून वाट काढली ती वाटेनेच. जुलै १६६० मधील आषाढाच्या पावसाळी रात्री महाराज निवडक मावळ्यांसह राजदिंडीने गडाखाली उतरले आणि पश्चिमेस खेळणा ऊर्फ विशाळगडाकडे निघाले. शत्रूची दिशाभूल करण्यासाठी शिवा काशीद महाराजांच्या वेषात दुसऱ्या पालखीत बसले आणि त्यांनी प्राण दिला, अशी परंपरा सांगते. गडाच्या पायथ्याशी असलेल्या नेबापूरशी त्यांचे नाव जोडले जाते. गजापूरच्या खिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांच्या तुकडीने पाठलाग थोपवून धरला. बाजीप्रभू तेथे पडले. महाराज विशाळगडी पोहोचले. त्या खिंडीला पुढे पावनखिंड हे नाव मिळाले. महाराज सुखरूप सुटले तरी पन्हाळा आदिलशाहीला द्यावा लागला, हेही लक्षात ठेवावे.

हा प्रसंग पोवाड्यांतून, नाटकांतून, कादंबऱ्यांतून आणि चित्रपटांतून आपल्यापर्यंत आलेला आहे. म्हणूनच येथे आपली त्रिसूत्री अधिक काळजीपूर्वक वापरावी लागते. वेढा, सुटका, बांदलांचा पराक्रम आणि बाजीप्रभूंचे मरण यांना जुन्या साधनांचा आधार आहे. मावळ्यांची संख्या मात्र निरनिराळ्या साधनांत निरनिराळी येते. विशाळगडावरून तोफांचे बार ऐकू येईपर्यंत बाजींनी प्राण धरून ठेवले, हा सर्वांच्या मनात कोरलेला तपशील उत्तरकालीन कथनपरंपरेतून दृढ झालेला आहे. तो खोटा ठरवण्याची घाई करू नये, आणि समकालीन पुरावा म्हणून मांडूही नये. समाजाने एखादी आठवण कोणत्या रूपात जपली, हेही वाङ्मयाच्या अभ्यासकाला महत्त्वाचेच असते.

या मार्गावरून आज दरवर्षी पावसाळ्यात हजारो लोक पायी चालतात. राजदिंडी उतरून म्हसाई पठारावर यावे लागते. हे विस्तीर्ण जांभ्याचे पठार आहे. त्यावर म्हसाई देवीचे मंदिर आहे आणि धुके उतरले की दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो. पुढे खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, पाटेवाडी, म्हसवडे अशा वाड्या-वस्त्यांमधून वाट पांढरेपाणी येथे येते आणि मग खिंड. अंतर पन्नास किलोमीटरांच्या आसपास भरते. बहुतेक मंडळी ते दोन दिवसांत तोडतात आणि मधली रात्र करपेवाडीसारख्या एखाद्या वाडीत काढतात.

वाटेत चिखलणी केलेली भातखाचरे, ओढे, करवंदीच्या जाळ्या, धनगरवाडे लागतात. कासारी नदी याच गजापूरच्या परिसरात उगम पावते आणि पुढे पंचगंगेला मिळते. म्हणजे खिंडीतून वाहणारे पाणी शेवटी कोल्हापुराच्या घाटावर पोहोचते. नकाशावर ही वाट म्हणजे एक रेष आहे. पायी चालणाऱ्याला मात्र प्रश्न पडतो : ही वाट अंधारात, भर पावसात, पाठलाग होत असताना कोणी दाखवली असेल? ज्यांची गुरे येथे रोज चरत होती, ज्यांची शेते या उतारांवर होती, त्यांच्याच वाटज्ञानाचा आधार असणार, हे अनुमान स्वाभाविक आहे. त्या माणसांची नावे आपल्याजवळ नाहीत. स्थलवर्णनात ही निनावी उपस्थिती नोंदवणे हा एक प्रकारचा न्याय आहे.

४.६ ‘आज्ञापत्र’ आणि पन्हाळा

इ. स. १७१५ च्या सुमाराचा ‘आज्ञापत्र’ हा मराठी गद्यातील राजनीतीवरील महत्त्वाचा ग्रंथ रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाशी निगडित आहे. त्यांची समाधी पन्हाळ्यावरच आहे. या ग्रंथातील दुर्गप्रकरण वाचून मग गडावर फिरल्यास शब्द आणि दगड यांची गाठ पडते. त्यातील काही विचार आपल्या शब्दांत असे मांडता येतील :

१) गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे. एकाच जलाशयावर विसंबून राहू नये.
२) गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष आहे. अनेक दरवाजे व चोरदिंड्या कराव्यात. नित्य वापराच्या तेवढ्या चालू ठेवून बाकीच्या चिणून ठेवाव्यात.
३) गडावर येणारा मार्ग सुगम नसावा. सुगम असल्यास तो मोडून, झाडी वाढवून अवघड करावा.
४) घेऱ्यातील झाडी राखावी, ती गडाचे संरक्षणच आहे.
५) गडाखाली दगडी घरे किंवा दगडी कुसू होऊ देऊ नये, शत्रूला त्यांचा आडोसा मिळतो.
६) गडावर केरकचरा साचू देऊ नये, तो जाळून त्याची राख परसातील भाजीपाल्यासाठी वापरावी.

दुसरा मुद्दा वाचताना राजदिंडी डोळ्यांपुढे येते. एकाच दरवाजाचा गड म्हणजे पिंजरा, हे १६६० च्या वेढ्याने शिकवले होते. अमात्यांच्या लेखणीमागे अशा अनुभवांची परंपरा उभी आहे. पाचवा मुद्दा आपण ४.२ मध्ये पाहिलेल्या गोष्टीची दुसरी बाजू दाखवतो : गडाच्या सुरक्षिततेसाठी पायथ्याच्या माणसाला पक्क्या घरावाचून राहावे लागे. सहावा मुद्दा वाचून विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटते. पण राजनीतीच्या ग्रंथाला केराचा आणि परसातल्या भाजीचा विचार करावा लागतो, कारण गड ही केवळ लष्करी जागा नसून तेथे माणसे राहत असतात.

४.७ तटाच्या आत आज

जुलै २०२५ मध्ये ‘भारताचे मराठा लष्करी भूदृश्य’ या नावाने बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात असून जिंजी तमिळनाडूत आहे. पन्हाळा या बारांपैकी एक आहे. ही निःसंशय गौरवाची बाब आहे. मात्र नोंदीच्या प्रक्रियेच्या काळात पन्हाळ्याच्या रहिवाशांनी आपली चिंताही जाहीरपणे मांडली होती. घराची दुरुस्ती, वाढत्या कुटुंबासाठी एखादी खोली, दुकान, छोटे उपाहारगृह यांवर नवे निर्बंध येतील काय, हा त्यांचा प्रश्न होता.

या प्रश्नामागे प्रत्यक्ष अनुभव आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकांच्या सभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत नियमन, अशी तरतूद २०१० च्या कायदेदुरुस्तीने झालेली आहे. निर्जन गडावर या तरतुदीची झळ कोणाला जाणवत नाही. ज्या गावात स्मारके आणि घरे एकमेकांना खेटून आहेत, तेथे ती रोजच्या जगण्याला भिडते. दुसऱ्या बाजूने पाहता, निर्बंधच नसते तर किती तट, किती बावड्या शिल्लक राहिल्या असत्या, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. अभ्यासकाने यांपैकी एक बाजू चटकन उचलून धरू नये. वारसा जपणे आणि गाव नांदते ठेवणे ही दोन्ही मूल्ये आहेत. गाव उठून गेले, तर पन्हाळ्याचे वेगळेपणच नाहीसे होईल. वास्तू ढासळल्या, तर गावाच्या उपजीविकेचा आधार जाईल.

वाटांचा प्रश्नही आजचा आहे. २०२१ च्या पावसाळ्यात गडावर येणारा मुख्य गाडीरस्ता खचला आणि वाहनांची ये-जा काही काळ बंद पडली. एकाच दरवाजाविषयीचा अमात्यांचा इशारा तीनशे वर्षांनंतर अशा अनपेक्षित रीतीने पुन्हा वाचावा लागला. पायवाटा या केवळ पर्यटकांच्या हौसेच्या नसतात. त्या बुजल्या, की गावाचे बाहेरच्या जगाशी असलेले संबंध एका रस्त्याच्या भरवशावर राहतात.

४.८ आपल्या गावाचे वाचन

आपल्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. प्रत्येकाला पन्हाळ्यास जाणे शक्य होईलच असे नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. पडकी वेस, गढीचा एखादा बुरूज, ‘वेशीजवळ’, ‘गढीवर’, ‘बुरुजाखाली’ अशी पत्त्यातली नावे बहुतेक गावांत आढळतात. पुढील क्रमाने काम करावे :

• जुन्या वस्तीभोवती एक फेरी पायी मारावी. भिंत नसेल, तरी तिची रेषा शोधावी. पुष्कळदा गल्लीचे वळण किंवा जमिनीचा अचानक आलेला चढ तिची खूण देतो.
• गावातून बाहेर पडणाऱ्या सर्व जुन्या वाटांची यादी करावी : पाणवठ्याची, स्मशानाची, बाजाराच्या गावाची, देवीची.
• गावातील निदान दोन वृद्ध व्यक्तींशी बोलावे. त्यांपैकी एक व्यक्ती जुन्या कुसाबाहेरच्या वस्तीतील असावी. एकाच वेशीबद्दल दोघांच्या आठवणी भिन्न असू शकतात.
• वहीच्या पानाचे तीन रकाने करावेत : ‘दिसते’, ‘लिहिलेले आहे’, ‘सांगतात’. प्रत्येक माहिती त्या त्या रकान्यातच लिहावी.
• लेखन करताना ‘असे दिसते’, ‘असा उल्लेख आहे’, ‘असे सांगितले जाते’, ‘असा तर्क करता येतो’ या वाक्प्रयोगांचा जाणीवपूर्वक वापर करावा.

पावसाळ्यात तटावर किंवा कड्याच्या काठाने चालू नये. एकट्याने जाऊ नये. कोणाच्या घराचे, अंगणाचे छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी घ्यावी. नांदत्या गावात आपण पाहुणे असतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
अ) १६६० च्या वेढ्यात तट भक्कम असूनही तो पुरेसा का ठरला नाही?
आ) ‘आज्ञापत्रा’तील एकाच दरवाजाविषयीचा विचार पन्हाळ्याच्या कोणत्या वास्तूशी जोडता येतो?
इ) गडाखाली दगडी घरे होऊ देऊ नयेत, असे ‘आज्ञापत्र’ का सांगते?

४.९ सारांश

गावकूस, गढी आणि गड हे तटबंदीचे तीन प्रकार असून त्यांचे हेतू भिन्न आहेत. तट रक्षण करतो, तसाच तो आतले आणि बाहेरचे असा भेदही निर्माण करतो. पन्हाळा हा शिलाहार, यादव, बहमनी, आदिलशाही, मराठा आणि इंग्रज काळाच्या खुणा वागवणारा आणि आजही नांदता असलेला दुर्ग आहे. त्याच्या इतिहासात तटाइतकेच वाटांना स्थान आहे. १६६० ची सुटका हे त्याचे ठळक उदाहरण. स्थलवर्णन करताना दिसणारे, लिहिलेले आणि सांगितले जाणारे वेगवेगळे ओळखावे, कोणतेही टाकून देऊ नये आणि प्रत्येकाचे वजन वाचकाला कळू द्यावे. वारसा आणि वस्ती यांतील ताण हा अशा गावांचा आजचा प्रश्न असून त्याच्या दोन्ही बाजू समजून घेणे आवश्यक आहे.

४.१० पारिभाषिक शब्द

गावकूस : गावाच्या वस्तीभोवतीची भिंत.
वेस : गावकुसातील प्रवेशद्वार.
घेरा : गडाच्या पायथ्याभोवतीचा संरक्षित प्रदेश.
मेट : घेऱ्यातील पहाऱ्याची चौकी.
दिंडी : तटातील लहान दरवाजा, लपवलेला असल्यास चोरदिंडी.
बालेकिल्ला : गडाच्या आतील सर्वांत सुरक्षित भाग.
खंडी : धान्य मोजण्याचे जुने मोठे माप.

४.११ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) गावकूस सर्व वस्तीचे रक्षण करते, गढी एका वतनदार घराण्याच्या निवासाचे. आ) ‘पडला’ म्हटल्याने ऱ्हास सूचित होतो, ‘पाडला’ म्हटल्याने १८४४ च्या उठावानंतरची हेतुपूर्वक केलेली कृती. इ) पाणी, पहारा आणि सुटकेची वाट.
प्रश्न २ : अ) तटामुळे शत्रू आत आला नाही, परंतु वेढा न उठल्याने आतील लोक अडकून पडले, सुटका गुप्त वाटेनेच झाली. आ) राजदिंडीशी. इ) शत्रूला त्यांचा आडोसा मिळतो म्हणून.

४.१२ सरावासाठी स्वाध्याय व उपक्रम

१) ‘तट वेगळे करतो, वाट जोडते’ या विधानाची पन्हाळ्याच्या आधारे चर्चा करा. (३०० शब्द)
२) पावनखिंडीच्या प्रसंगातील इतिहास आणि लोकस्मृती यांचा संबंध स्पष्ट करा. (२०० शब्द)
३) पन्हाळ्यातील रहिवासी आणि पुरातत्त्व अधिकारी यांच्यातील काल्पनिक संवाद लिहा. दोन्ही बाजूंचे म्हणणे सारख्याच ताकदीने मांडा.
४) उपक्रम : ४.८ मधील पद्धतीने आपल्या अथवा जवळच्या गावाच्या एका जुन्या वाटेचे स्थलवर्णन ५०० शब्दांत लिहा. सोबत तीन रकान्यांचे टिपण जोडा. संपर्कसत्रात हे लेखन मोठ्याने वाचावयाचे आहे. त्यापूर्वी ते ज्यांनी माहिती दिली त्यांना वाचून दाखवावे.